शोरूममधली भरवशाची गाडी लोंढ्याच्या रस्त्यावर किती भरवशाची?

लोंढा : "गाडी कशी आहे?" या प्रश्नाचं उत्तर पूर्वी एका आकड्यात मिळायचं. ॲव्हरेज किती देते, बस्स. आता स्टेशन रोडवर चहाला उभं राहिलं की दुसराच प्रश्न कानावर येतो, "वाटेत कधी उभी राहिली काय?" विचारणाऱ्याचं बरोबर आहे. लोंढ्यातून बेळगावचं मोठं हॉस्पिटल पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. कंपनीचं मोठं वर्कशॉप म्हटलं की तेही बेळगावातच. मधला बराच रस्ता जंगलातला, त्यात मोबाईलची रेंज जाते-येते. पुण्या-मुंबईत गाडी बंद पडली तर माणूस रिक्षा करतो. इथं माणूस बोनेट उघडून पावसात उभा राहतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात नवी गाडी म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्ही हे जवळजवळ ठरूनच गेलंय. चार मीटरच्या आतली, उंच, दिसायला दणकट. रेल्वेतले लोक, शिक्षक, गोव्याला कामाला जाणारी पोरं, निपाणीकडचे व्यापारी, सगळ्यांच्या दारात तीच. या गाड्या आपल्या रस्त्यांवर कशा टिकतात, हे विचारत गेले दोन महिने मी लोंढा, रामनगर, खानापूर, बेळगाव आणि निपाणी इथल्या गाडीवाल्यांशी आणि तीन-चार मेकॅनिकांशी बोललो. वीस-बावीस जण असतील. याला सर्वेक्षण म्हणू नका. पण वीस जण एकच गोष्ट सांगू लागले की ती ऐकावी लागते.

आधी माझीच गोष्ट सांगतो, कारण हा विषय तिथूनच डोक्यात बसला. तीन वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली रात्र. वडिलांना दम लागला. रात्रीचे दीड वाजलेले, पाऊस मुसळधार, त्या वेळेला सोयीची रेल्वे नाही. गाडी काढली. गुंजी मागे पडली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीची ताकदच गेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काटा तीसच्या वर जाईना. मागच्या सीटवर वडिलांचा श्वास ऐकू येत होता आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये खानापूर गाठत होतो. खानापुरात मेव्हण्याची गाडी येऊन थांबली होती, तीत वडिलांना घातलं आणि बेळगाव गाठलं. वडील आज ठणठणीत आहेत.

गाडीला काय झालं होतं? उंदरानं एका सेन्सरच्या वायरचं आवरण कुरतडलं होतं, त्यात पाणी गेलं. इंजिन सांभाळण्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरनं स्वतःहून ताकद कमी केली. खानापूरच्या मेकॅनिकनं वायर जोडून साडेतीनशे रुपये घेतले आणि "आता वर्कशॉपला दाखवा" म्हणाला. वर्कशॉपनं सांगितलं की वायर जोडून चालत नाही, अख्खा हार्नेस बदलावा लागेल, तो मागवावा लागेल. गाडी अकरा दिवस तिथं उभी. गाडी कुठल्या कंपनीची ते इथं लिहीत नाही. उंदीर काही कंपनी बघून चावत नाही, आणि एका गाडीवरून कुठल्याच कंपनीचा न्याय होत नाही.

मी कॉमर्सचा माणूस. त्या दिवसापासून गाडीची वही ठेवली. पूर्वी तिच्यात दोनच रकाने होते, खर्च आणि किलोमीटर. आता आणखी दोन आहेत : गाडी किती दिवस उभी राहिली, आणि दुरुस्तीसाठी किती लांब न्यावी लागली. माझ्या मते आपल्यासारख्या ठिकाणी भरवसा याच दोन रकान्यांत मोजायचा असतो. बिघाड किती झाले हा शहरातला हिशेब. वर्षात चार बारीक बिघाड झाले पण चारही खानापुरात अर्ध्या दिवसात निघाले, तर ती गाडी भरवशाची. एकच बिघाड झाला आणि महिनाभर पार्ट आला नाही, तर ती गाडी कितीही नावाजलेली असली तरी आपल्या कामाची नाही.

चार मीटरचं गणित

या गाड्या आल्या कुठून, हे थोडक्यात. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरची एक्साईज ड्युटी कमी केली गेली आणि 'छोटी' कशाला म्हणायचं तेही ठरवलं गेलं : लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या मापात बसणारी एसयूव्हीच्या थाटाची गाडी पहिल्यांदा आणली ती आपल्या पिंपरीच्या प्रीमियरनं, २००९ मध्ये, 'रिओ' नावानं. ती फारशी चालली नाही. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि लोकांना हा प्रकार आवडून गेला. मग २०१६ मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटाची नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू, २०२० मध्ये किआची सोनेट आणि निसानची मॅग्नाईट. यातली नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला तयार होते, एक्सयूव्ही ३०० नाशिकला व्हायची. म्हणजे महाराष्ट्रातल्या वाचकांच्या अंगणातलाच माल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. वरच्या मापात बसणाऱ्या गाडीला आता १८ टक्के, न बसणाऱ्या गाडीला ४० टक्के. यात गंमत अशी की ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. शेजारी उभ्या असलेल्या तेवढ्याच लांबीच्या व्हेन्यूच्या १२०० सीसी पेट्रोलला १८ टक्के. गाडी बघायला जाताना हे माहीत असलेलं बरं.

चार मीटरच्या नियमाचा भरवशाशी संबंध आहे तो असा. यातल्या बऱ्याच गाड्यांचा सांगाडा मुळात हॅचबॅक किंवा सेडानचा. वर उंच बॉडी, खाली मोठी चाकं. ग्राउंड क्लिअरन्स साधारण १९० ते २१० मिलिमीटर, म्हणजे हॅचबॅकपेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त. दगडाला पोट घासत नाही हा फायदा खराच. पण उंच दिसते म्हणून गाडी जीपसारखी वापरली जाते आणि खालचे पार्ट मात्र कारचेच असतात.

खालनं आवाज येऊलाय

बेळगाव-खानापूर-लोंढा-रामनगर-अनमोड-मोले-फोंडा-पणजी हा राष्ट्रीय महामार्ग ७४८, जुना ४-ए. खानापूरच्या अलीकडे रस्ता बरा. पुढे लोंढा आणि रामनगरच्या पट्ट्यात तो वर्षानुवर्षं कसा होता ते गोव्याला जाणाऱ्या कुणालाही विचारा. २०२५ च्या जुलैत तर अनमोड घाटात गोव्याच्या बाजूला रस्ताच खचला आणि अवजड वाहनं बंद करावी लागली. दुसरा मार्ग जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा. तिथला पाऊस तर बोलायलाच नको.

या रस्त्यांचा पहिला मार सस्पेन्शनवर बसतो. खानापूरचा एक मेकॅनिक, वीसेक वर्षं हेच काम करणारा, म्हणाला, "काका, पावसाळा संपला की सगळ्यांची तक्रार एकच, खालनं कटकट आवाज येऊलाय. बोर्ड कुठल्या कंपनीचा हे बघायची गरजच नसतीया." आधी जाते ती लिंक रॉड. मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बरवरचं माउंट. त्यानंतर व्हील बेअरिंग, त्याचा गुणगुण आवाज वेगाबरोबर वाढत जातो. रबरी बूट फाटला की आत लाल माती शिरते आणि ती ग्रीसमध्ये मिसळली की सॅंडपेपरचं काम करते. म्हणून आपल्या रस्त्यावर कंपनीच्या दहा हजार किलोमीटरची वाट न बघता पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आसपास गाडी रॅम्पवर चढवून खालून बघून घ्यायची. तेवढ्यानं पुढचे निम्मे खर्च वाचतात, असं तिन्ही-चारही मेकॅनिकांनी वेगवेगळं सांगितलं.

रामनगरच्या एका किराणा व्यापाऱ्याचा अनुभव बोलका आहे. पाच वर्षांत त्यांच्या गाडीचं इंजिन एकदाही रुसलं नाही, पण लिंक रॉड तीनदा बदलल्या. त्यांना मी विचारलं, गाडी भरवशाची म्हणाल का? "शंभर टक्के," म्हणाले. "लिंक रॉड इथंच मिळते. दुपारी दिली, संध्याकाळी घरी." उलट निपाणीचे एक गृहस्थ. त्यांची गाडी बहुतेक वेळ एनएच-४८ वर, कोगनोळी ते हत्तरगी, गुळगुळीत रस्ता. पाच वर्षांत एकच बिघाड, टचस्क्रीन बंद पडली. बाकी गाडी चालत होती, पण त्याच स्क्रीनमधून एसीही चालायचा आणि मागचा कॅमेराही. पार्ट यायला पाच आठवडे. ते आजही त्या गाडीला शिव्या देतात.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. "फाइव्ह स्टार आहे, म्हणजे दणकट, म्हणजे टिकणार," असं लोक सरळ म्हणतात. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, ती मोठी गोष्ट होती. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅपही सुरू झाली. पण ही चाचणी टक्कर होते त्या क्षणाची. आतला माणूस वाचतो का, एवढंच ती सांगते. गाडी घेताना स्टार जरूर बघा, मीही बघीन. लिंक रॉड किती टिकेल ते मात्र स्टार सांगत नाहीत. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाची संस्था १९३६ पासून ग्राहकांसाठी काम करते आणि दरवर्षी गाडीमालकांकडून बिघाडांची माहिती गोळा करून कुठली गाडी किती टिकते ते छापते. आपल्या तालुक्यातल्या ग्राहकाच्या हातात असं काही येत नाही. आपला सगळा कारभार मेव्हण्याच्या सांगण्यावर.

डिझेल, फिल्टर आणि हळू चालणारा रस्ता

सगळ्यात जास्त वैताग मला बीएस-सिक्स डिझेल गाडीवाल्यांत दिसला. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण यात गाडीचा दोष कमी आणि वापराचा जास्त असतो, आणि शोरूममध्ये हे कुणी नीट सांगत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झालं. डिझेल कारच्या धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. हा फिल्टर घरातल्या चिमणीच्या जाळीसारखा भरत जातो. भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून त्याचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता, बऱ्या वेगानं चालत राहावी लागते. हायवेवर हे कधी झालं ते कळतसुद्धा नाही.

आता लोंढ्यातला वापर बघा. सकाळी पोराला शाळेत सोडणं, दुपारी स्टेशन, संध्याकाळी रामनगर. आणि लांब जायचं म्हटलं तरी खड्ड्यांतून वीस-तीसच्या वेगानं. फिल्टर साफ व्हायला सुरुवात होते आणि आपण गाडी बंद करतो. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागतो. तरी दुर्लक्ष केलं की गाडीची ताकद कमी होते, मग वर्कशॉपला नेऊन मशीन लावून जाळावं लागतं, आणि अगदीच गेला तर फिल्टर बदलायचा खर्च नवीन बाइकच्या किमतीची आठवण करून देतो. आणखी एक लपलेला त्रास : अर्धवट जळताना काही डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. तसं दिसलं तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

लोंढ्यातल्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं यावर स्वतःचा मार्ग काढलाय. दिवा लागायची वाट न बघता महिन्यातून दोनदा ते बेळगाव ओलांडून एनएच-४८ वर हत्तरगीच्या दिशेनं अर्धा तास गाडी एका वेगात पळवून आणतात. "बायको म्हणते, गाडीला हवा खायला नेता आणि मला नाही," म्हणाले. आता दोघं मिळून जातात. विनोद बाजूला ठेवला तर प्रश्न सरळ आहे : ज्याचं महिन्याचं चालणं पाचशे-सहाशे किलोमीटरचं आणि तेही गावातल्या गावात, त्यानं डिझेल घेऊच नये. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल सोडूनच दिलं. पण आठवड्याला गोवा किंवा कोल्हापूर करणाऱ्याला डिझेल आजही परवडतं, आणि त्यांच्या डीपीएफच्या तक्रारीही मला जवळपास ऐकू आल्या नाहीत.

घाटात ट्रकमागे

ऑटोमॅटिकबद्दल थोडं. स्वस्तातलं ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. आत साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. अनमोड घाटात ट्रकमागे रांग लागली की काही जण ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. त्यात क्लच प्लेट घासत राहते, जळका वास येतो, आणि पस्तीस-चाळीस हजार किलोमीटरला प्लेट संपते. मग गाडीला दोष. डीसीटी प्रकारात दोन क्लच असतात. छोट्या गाड्यांतले बहुतेक कोरडे, तेही अशा रांगेत तापतात. टॉर्क कन्व्हर्टरला हा त्रास कमी, कारण तिथं ताकद तेलातून पोचते. गोव्याला आठवड्याला जाणाऱ्या एका तरुणानं मला हे स्वतःच्या दोन गाड्यांच्या अनुभवावरून समजावलं. चढावर थांबायचं तर ब्रेक किंवा हँडब्रेक, एवढं पाळलं तर तिन्ही प्रकार चालतात, असं त्याचं म्हणणं.

पावसाळा, उंदीर आणि पेट्रोल

लोंढ्यात पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की बोनेटखाली उंदीर घर करतो. उबदार जागा, कोरडी. तंबाखूची पानं ठेवा, फवारा मारा, जाळी बसवा, ज्याचा त्याचा उपाय. निपाणीच्या मंडळींकडे तंबाखूला तोटा नाही, पण त्यांच्याकडेही उंदीर आहेतच. मला स्वतःला लागू पडलेला उपाय एकच : रोज रात्री बोनेट उघडं ठेवणं आणि दोन दिवसांआड गाडी दहा-वीस किलोमीटर फिरवणं.

पाणी हा वेगळा विषय. रस्त्यावर पाणी भरलेलं असताना गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारायचा नाही, म्हणजे नाही. आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च बहुधा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. खानापूर तालुक्यात राहणाऱ्यानं तिथं दोन-तीन हजार वाचवू नयेत.

आणि इथेनॉल. २०२५ पासून पंपावर मिळणारं पेट्रोल म्हणजे ई-२०, वीस टक्के इथेनॉल. यातलं बरंचसं आपल्याच बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या उसाचं, तेव्हा तक्रार करताना जीभ जरा जड होते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पार्ट ई-२० ला चालतील असे आहेत. त्याआधीच्या गाडीला ॲव्हरेजमध्ये फटका बसतो. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी तो ६ ते ७ टक्के धरला होता. रबरी होस आणि सील यांच्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लोंढ्यासारख्या दमट ठिकाणी जुनी पेट्रोल गाडी अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी करू नये.

पार्ट कुठून येणार?

वहीतल्या 'उभी राहिलेले दिवस' या रकान्याचं खरं उत्तर पार्टच्या दुकानात असतं. ज्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स त्याच कंपनीच्या आणखी चार गाड्यांत आहे, तिचा पार्ट खानापुरात नाही तर बेळगावात मिळतो. जी गाडी कमी खपते तिचा पार्ट हुबळी, कोल्हापूर किंवा पुण्याहून येतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण इकोस्पोर्ट. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि सुटे भाग मिळत राहतील असंही सांगितलं. आपल्या भागात ही गाडी अजून बऱ्याच जणांकडे आहे आणि चालवणारे तिच्या रस्ताधरीवर खूश आहेत. बेळगावातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे २०१५ ची आहे. गाडी उत्तम, म्हणाले, फक्त बारीक पार्टसाठीही आधी फोन, मग वाट. सेकंडहँड बाजारात ती स्वस्त मिळते ती यामुळेच. घरात दुसरी गाडी असेल तर असा सौदा फायद्याचा. एकुलती एक गाडी म्हणून लोंढ्यात? मी तरी नाही घेणार.

पासिंगचा घोळ

सीमाभागात गाडीचा विषय पासिंगशिवाय संपत नाही. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के, १० ते २० लाखांच्या गाडीला १७, वर सेस. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, डिझेलला १३. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ढोबळ हिशेबानं चाळीस हजारांच्या आसपास फरक पडतो. गोव्याचा करही कर्नाटकापेक्षा कमी. म्हणून चंदगडच्या पाहुण्याच्या नावावर एमएच-०९ किंवा फोंड्याच्या भावाच्या पत्त्यावर जीए पासिंग, हे आपल्याकडे सर्रास. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करावीच लागते. अपघात झाला, विम्याचा दावा आला, की पाहुण्याच्या नावावरची गाडी ही वाचवलेल्या चाळीस हजारांपेक्षा मोठी डोकेदुखी होते.

सेकंडहँड घेताना मात्र पासिंग बघून गाडीचं पूर्वायुष्य थोडंफार कळतं. किनाऱ्यावरची गोव्याची गाडी असेल तर खालून गंज बघा. आणि कुठल्याही राज्यातली असो, वर्कशॉपमध्ये चासी नंबर देऊन सर्व्हिसची जुनी नोंद काढून मागा. कंपनीची वॉरंटी राज्य बघत नाही. कोल्हापुरात घेतलेली गाडी बेळगावात किंवा मडगावात दाखवता येते.

हक्काचं काय?

चासी नंबरवरून आणखी एक गोष्ट बघायची : रिकॉल. कंपनीला कारखान्यातला दोष सापडला की ती गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या, त्यात व्हिटारा ब्रेझाही होती. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यान बनलेल्या. पार्ट बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर पाणी मारू नका, असंही कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं. लोंढ्याच्या पावसात ही सूचना पाळायची कशी, हा प्रश्न वेगळा. रिकॉल निघणं म्हणजे कंपनी वाईट असं मानायचं कारण नाही. निघालेला रिकॉल मालकापर्यंत न पोचणं वाईट. जुन्या मालकाच्या फोनवर मेसेज जातो आणि गाडी तिसऱ्याच्या दारात असते. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की पाच मिनिटांत कळतं.

वॉरंटीचं म्हणाल तर मुदत वाढत चालली आहे. मारुतीनं जुलै २०२४ पासून २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरची ३ वर्षं किंवा १ लाख केली. पण बुश, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर हे झिजणारे पार्ट बहुतेक वॉरंटीत बसत नाहीत, किंवा फार थोड्या काळासाठी बसतात, आणि आपल्याकडे जातात ते नेमके हेच. एक्स्टेंडेड वॉरंटी लोंढेकरानं घ्यावी ती स्क्रीन, सेन्सर, स्टिअरिंगची मोटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यासाठी. लिंक रॉडसाठी नाही.

वर्कशॉप ऐकतच नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यातला आपल्यासाठी सगळ्यात कामाचा बदल हा, की तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. गाडी कोल्हापूरची किंवा पणजीची, राहणं लोंढ्यात, तरी दावा बेळगावात चालतो. मुदत दोन वर्षांची. पण त्यासाठी कागद लागतो. दर वेळी जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहिलेल्या कार्डाचा पुढे काहीच उपयोग होत नाही. "चढावर गाडी ओढत नाही, दिवा लागतो, तिसरी वेळ," असं लिहिलेलं हवं, आणि गाडी दिली ती तारीख, परत मिळाली ती तारीख.

माझ्या अकरा दिवसांच्या कार्डावर काय लिहिलंय ते मी परवा काढून बघितलं. "जनरल चेकअप."